इन्स्टॉलरमध्ये मराठी घालताना

दोष कर्णिक सरांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत कोणी अंदाज लावत बसायला नको. बाकीचे म्हातारे त्यांच्यासोबत होते, पण पुढे सर होते.

ही गोष्ट मी कधी सलग सांगितलेली नाही. टपरीवर बसलो की कोणीतरी एक किस्सा काढायला लावतो, त्यातून दुसरा निघतो. असे इतके साठलेत की मित्र आता फर्माईश करतात. 'तो करारनाम्याचा सांग.' 'तो मार्कांचा सांग.' सांगून सांगून माझाच घसा बसला. म्हणून एकदाच लिहून काढतो.

जागा म्हणजे भिवंडीतलं आमचं वाचनालय. खाली पेपर वाचणारे, वरच्या खोलीत कोणा लूमवाल्याने दिलेले तीन जुने कॉम्प्युटर. कर्णिक सर निवृत्त मुख्याध्यापक आणि वाचनालयाचे अध्यक्ष. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेला. का सोडलं ते विचारू नका, सोडलं. मला एकच गोष्ट धड येत होती, लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम. वरच्या खोलीत कोणी हटकत नव्हतं, म्हणून मी तिथे पडीक असायचो.

* * *

२००६ ची गोष्ट. मी एका मशीनवर लिनक्स टाकत होतो. सीडी घातली की आधी ती सिस्टिम बसवणारा इन्स्टॉलर येतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, भाषा कोणती? खाली लांबलचक यादी. मी बाण दाबत खाली चाललो होतो. सर मागे कधी येऊन उभे राहिले कळलंच नाही.

"थांब. वर जा. हे काय?"

"गुजराती, सर."

"आणि मराठी?"

"नाहीये."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नीट बघ. शेवटी असेल."

"शेवटी व्हिएतनामी आहे, सर."

सरांनी यादीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "व्हिएतनाममध्ये वाचनालयं किती असतील रे?"

मी सांगितलं की मराठी घालता येते. दोनेक हजार वाक्यं मराठीत करायची, लिनक्स बनवणाऱ्या प्रोजेक्टवाल्यांना पाठवायची, पुढच्या आवृत्तीत जगभर सगळ्यांना दिसते. कोणीही करू शकतं, डिग्री लागत नाही.

सर म्हणाले, "कोणीही करू शकतं, म्हणूनच जबाबदार माणसांनी करायला हवं."

इथेच मला उठून जायला हवं होतं.

गेलो नाही, कारण माझा त्यात स्वार्थ होता. पुण्यात सॉफ्टवेअरच्या भाषांतराची कामं करणारी एक कंपनी होती. तिथल्या एका माणसाशी माझी चॅटवर ओळख होती. त्याने साफ सांगितलं होतं, "डिग्री नसली तर नसू दे. तुझं काम पुढच्या आवृत्तीत दिसलं की मी साहेबांना दाखवतो. एक जागा आहे. तोवर थांबवून धरतो." पुढची आवृत्ती सहा महिन्यांवर होती. घरी आई रोज विचारायची, "पुण्याचं काय झालं?" मी रोज सांगायचो, "होतंय."

* * *

मी हे काम एकट्याने तीन आठवड्यांत केलं असतं. सरांनी समिती नेमली.

समितीत सर, कोर्टातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले प्रधान काका, आणि अंजूरचे दामूशेठ तरे. दामूशेठच्या भाताच्या जमिनीवर आता गोदामं उभी आहेत. वाचनालयाला प्रिंटर त्यांनी दिला होता, म्हणून ते समितीत. मी 'निमंत्रित'. म्हणजे काम करणारा.

बैठक एक शनिवार सोडून. पहिल्या बैठकीत अध्यक्ष कोण यावर पाऊण तास गेला, जसं काही दुसरं कोणी होणारच होतं! मग चहा. मग पहिला शब्द घेतला. इन्स्टॉलरमध्ये प्रत्येक पानावर 'नेक्स्ट' असतं, त्याला 'पुढे'. एकमताने मंजूर. मला वाटलं, चला, गाडी सुटली.

दुसरी बैठक आदल्या बैठकीच्या इतिवृत्तापासून सुरू झाली. सर वाचत होते. प्रधान काकांनी हात वर केला.

"यात 'पुढे' हा शब्द एकमताने मंजूर झाला असं लिहिलंय."

"झालाच होता."

"त्या वेळी मी खाली पान आणायला गेलो होतो. मग एकमत कसलं?"

"काका, तुमचं मत काय आहे?" मी विचारलं.

"माझं मत 'पुढे'च. पण ते नोंदवलेलं नाही."

सरांना पटलं. ठराव रद्द. पुन्हा मांडायचा तर पुढच्या बैठकीत, कारण आजच्या विषयपत्रिकेत तो नव्हता. पहिल्या बैठकीअखेर आमच्याकडे एक शब्द होता. दुसऱ्या बैठकीअखेर एकही नव्हता!

* * *

मग मी समितीचा नाद सोडला. सगळी वाक्यं स्वतः केली, प्रिंट काढून गठ्ठा टेबलावर ठेवला आणि वर लिहिलं, 'अवलोकनार्थ'. अवलोकनार्थ लिहिलं की म्हातारे कागदाला हात लावत नाहीत, हे मला एव्हाना कळलं होतं.

सरांनी लावला. पंधरा दिवसांनी गठ्ठा परत आला, लालेलाल. शेवटच्या पानावर गोल करून ६२/१००.

"सर, हे मार्क कशाला?"

"सवय," सर म्हणाले. "शिवाय तुझ्याकडे कुठेतरी पास झाल्याचा एक कागद असू दे."

प्रधान काका खो खो हसले. मी हसलो नाही. अजूनही हसत नाही.

बरं, नुसते मार्क देऊन थांबले असते तर! सरांनी त्या पंधरा दिवसांत कॉम्प्युटरवर बसून, एका बोटाने, मूळ फाईलीतही दुरुस्त्या केल्या होत्या. त्या फाईलीत वाक्यांच्या मध्ये टक्क्याचं चिन्ह आणि एखादं इंग्रजी अक्षर असतं. मशीन चालताना त्या जागी डिस्कचं नाव येतं, आकडा येतो. ते काढलं की इन्स्टॉलर आडवा. मी सीडी बनवून लावली. भाषा निवडली, मराठी आली, मी खूष. डिस्कच्या पानावर गेलो आणि स्क्रीन मेली.

"सर, ते टक्के तुम्ही काढलेत?"

"सगळे काढले. जागोजागी टक्के, पण शेकडा कशाचे ते कुठेच लिहिलेलं नाही. अर्धवट गणित मी चालू देत नाही."

ते सगळे परत घालायला मला तीन दिवस लागले. इतिवृत्तात सरांनी लिहिलं, 'यंत्रात दोष आढळला. चि. केतन याने तो दूर केला.'

* * *

सामान्य माणसाला जमतं का ते बघायचं म्हणून मी प्रधान काकांना मशीनसमोर बसवलं. भाषा निवडली. पुढे दाबलं. मग अटींचं पान आलं. खाली दोन बटणं, 'मला अटी मान्य आहेत' आणि 'मान्य नाहीत'.

काकांनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"दुसरा पक्ष कोण?"

"कोणी नाही काका. दाबा 'मान्य'."

"कोणी नाही, तर मी मान्य कोणाला करतोय?"

"सगळे दाबतात, काका."

"सगळे! कोर्टात माझ्यासमोर रोज शंभर माणसं रडायची. साहेब, न वाचता अंगठा दिला. सगळ्यांनी दिला म्हणून दिला!"

अटींची प्रिंट काढून घरी घेऊन गेले. पुढच्या बैठकीला तीन पानी हरकती लिहून आणल्या, खाली दोन साक्षीदारांच्या सह्यांना जागा सोडून. करार एकतर्फी आहे, नुकसानीची जबाबदारी कोणीच घेत नाही, आणि वाद झाल्यास दावा कुठे लावायचा ते लिहिलेलं नाही.

"काका, फुकट मिळतंय ते!"

"फुकटच्याच करारात माणूस मरतो."

शेवटी ते मशीनसमोर ताठ बसले आणि 'मान्य नाहीत' दाबलं. इन्स्टॉलर बंद झाला, स्क्रीन काळी झाली. काका उठले, धोतराचा सोगा झटकला आणि समाधानाने म्हणाले, "बघ. ऐकलं की नाही!"

* * *

मराठी यादीत सगळ्यात वर हवी, असा सरांचा हट्ट होता. मी सांगत होतो, यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागते, मल्याळमनंतर मराठी, ती वर नेता येत नाही. दामूशेठ एरवी बैठकीत मोबाइल बघत बसायचे. तेही एकदम सरांच्या बाजूने.

"सर बरोबर बोलतान. पत्रिकेत नाव खाली आलं का मानूस लग्नाला येत न्हाय."

मग माझ्याकडे वळले. "पर काय रं, यात आमची आगरी कुठं हाय?"

मी म्हटलं, "आगरी नाही, शेठ."

"गुजराती हाय, तामिल हाय, आन ज्यांच्या जमिनीवर तुमी सगले बसलाव त्यांची न्हाय?"

सर म्हणाले, "दामूशेठ, ती बोली आहे. भाषा मराठी."

दामूशेठ सरांकडे बघून नुसते हसले. ते हसू मला आवडलं. त्यांना मी नीट समजावलं की यादीत यायला भाषेला एक कोड लागतो, आणि तो परदेशातली एक संस्था देते.

"त्यांची मान्सं येतात का इकडं?"

"नाही हो."

"इचार त्यांना. गोदाम पायजे का?"

मी नंतर एका सीडीवर त्यांच्यासाठी गुपचूप आगरी घातली. पाच-सहाच वाक्यं, कुठे पाठवायची नव्हतीच. त्यांना वर बोलावून दाखवली. मराठीच्या वर 'आगरी'. दामूशेठने ते नाव बोट लावून वाचलं. मग स्क्रीनवरचा बोटाचा डाग रुमालाने पुसला आणि खाली गेले. दुसऱ्या दिवशी प्रिंटरच्या कागदाची दोन रिमं आली. त्या म्हाताऱ्यांपैकी ज्याच्याबद्दल मी वाईट बोलत नाही असा हा एकच, आणि तोही समितीत गप्पच बसायचा.

* * *

वाचनालयाला लागूनच शकील भाईचं सायबर कॅफे. मशीनं पाच, व्हायरस पन्नास. त्याच्याकडे लूमवरची पोरं गावी मेल करायला यायची. मी म्हटलं, एका मशीनवर माझी सीडी लावून बघ, व्हायरसची कटकट जाईल. शकील भाई तयार. देवनागरी त्याला वाचता यायची.

दुपारची वेळ होती. इन्स्टॉलर चालू झाला. सरांनी मंजूर केलेली भाषा स्क्रीनवर येऊ लागली, 'कृपया थोडा वेळ प्रतीक्षा करण्याची तसदी घ्यावी.' मग, 'आपल्या सहकार्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.'

शकील भाई खुर्ची मागे सरकवून बसला. "भाई, ये इतनी इज्जत से क्यों बोल रहा है? मेरे को डर लग रहा है."

"डर कशाचा?"

"इतनी इज्जत से मेरे से सिर्फ लाइटवाला बोलता है. कनेक्शन काटने से पहले."

हे बोलून होतंय तोवर लाइट गेली. लोडशेडिंग! रस्त्यापलीकडचे लूम एकदम गप्प झाले. अंधाऱ्या दुकानात शकील भाईचा आवाज, "देखा? काट दिया ना!"

लाइट आल्यावर सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी पूर्ण झालं. मशीन मराठीत उभं राहिलं. शकील भाईने इकडेतिकडे क्लिक करून बघितलं, मान हलवली. "अच्छा है. अब मेरी उर्दू भी डाल दे. फिर आधी भिवंडी तेरी."

मी म्हटलं, "आधी मराठी जाऊ दे. मग उर्दूच." खरंच करणार होतो.

* * *

आता शेवटचा. हा मी टपरीवर सांगत नाही.

फाईल पाठवायची शेवटची तारीख गुरुवारची होती. प्रोजेक्टवाले प्रत्येक भाषेसाठी एकच जबाबदार माणूस मानायचे. त्याच्याच नावाने वेबसाइटवर फाईल चढवायची. मराठीसाठी नाव अर्थातच कर्णिक सरांचं नोंदवलेलं. ते वाचनालयाचे अध्यक्ष, मी निमंत्रित. पासवर्डही त्यांच्याकडे. मी एकदा मागितला होता. सर म्हणाले होते, "पासवर्ड म्हणजे संस्थेचा शिक्का. असा हातोहात फिरवायचा नसतो."

सोमवारी मी काम संपवलं. तिन्ही मशीनवर मराठीत इन्स्टॉल करून बघितलं. कुठे अडलं नाही. फाईल सीडीवर घातली आणि सरांच्या हातात दिली.

"सर, गुरुवारपर्यंत पाठवायची. शकील भाईकडे बसून केलंत तर पाच मिनिटांचं काम. मी थांबू का?"

"तू पुण्याला जा. तुझी मुलाखत आहे ना? अरे, मी मुख्याध्यापक असताना बोर्डाची कागदपत्रं कधी एक दिवस उशिरा गेली नाहीत."

खरं होतं ते. सरांचं काही उशिरा जात नसे.

मी पुण्याला गेलो. साहेब बरे होते. मराठीतल्या स्क्रीनच्या प्रिंट मी काढून नेल्या होत्या, त्या त्यांनी एकेक करून बघितल्या. म्हणाले, "आवृत्ती आली की त्यात हे दाखव, मी लेटर काढतो." बाहेर येऊन मी सरांना फोन लावला. बुधवार होता.

"सर, पाठवलं?"

"काल दुपारीच पाठवलं. निश्चिंत राहा."

मी कसं ते विचारलं नाही. कसं म्हणून कोण विचारतं?

सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती आली. शकील भाईच्या कॅफेत ती उतरवायला दोन दिवस लागले. सीडी लावली. शकील भाई, मी, आणि त्या दिवशी मुद्दाम पडघ्याचं काम टाकून आलेले दामूशेठ. यादी आली. मी बाण दाबत खाली गेलो. गुजराती. हिंदी. मल्याळम. नेपाळी.

परत वर गेलो. परत खाली आलो. मल्याळमनंतर थेट नेपाळी.

शकील भाई हळूच म्हणाला, "सीडी गलत होगी."

मी जिना चढून वर गेलो. सर आणि प्रधान काका बसले होते.

"सर, मराठी आली नाही."

"येईल. जरा धीर धर."

"सर, तुम्ही नक्की काय पाठवलं होतंत?"

सर शांतपणे उठले, कपाट उघडलं आणि जावक रजिस्टर काढून माझ्यासमोर धरलं. तारीख, अनुक्रमांक, विषय, सगळं सुवाच्य अक्षरात. मंगळवारचंच होतं.

"संपूर्ण मसुदा. दोन्ही बाजूंनी छापून, स्पायरल बांधणी करून. प्रत्येक पानावर संस्थेचा शिक्का आणि माझी सही. वर विनंतीपत्र. परदेशी रजिस्टर टपालाने, पोचपावतीसह."

"कुठे पाठवलं?"

"त्यांच्या वेबसाइटवर अगदी खाली पत्ता आहे की. देणगीदारांसाठी दिलेला. तोच अधिकृत."

"आणि सीडी?"

सरांनी कपाटात हात घातला. सीडी तिथेच होती. मी मार्करने लिहिलेलं नाव, त्याच्या खाली सरांनी चिकटवलेली चिठ्ठी, 'मूळ प्रत, बाहेर देऊ नये'.

"टपालात फुटते रे ती," सर म्हणाले.

प्रधान काका म्हणाले, "एक झेरॉक्स आपल्या फाईलला पण लावलीय. उद्या ते नाही म्हणाले तर?"

मी दोघांकडे बघत उभा होतो. मग सरांनी रजिस्टरच्या पानांतून एक गुलाबी कार्ड काढलं. त्यावर परदेशी टपालाचा गोल शिक्का होता आणि कोणाची तरी गिचमिड सही.

"पोचपावती. कालच आली," सर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "बघ, पोचलं."

पुण्याच्या कंपनीने त्या जागेवर दुसरा मुलगा घेतला. मी वळ गावच्या एका गोदामात खोके मोजायच्या ड्युटीला लागलो. मराठीची फाईल मी परत कोणाला पाठवली नाही.